चिठ्ठीवरचं नाव : 'इन्क्लूड'च्या एका चुकीचा इतिहास

संगणकाच्या इतिहासावरच्या या व्याख्यानांमध्ये आत्तापर्यंत आपण यंत्रांबद्दल बोललो, भाषांबद्दल बोललो, त्या घडवणाऱ्या माणसांबद्दल बोललो. आज एका चुकीबद्दल बोलायचं आहे. तांत्रिक मंडळी तिला 'फाइल इन्क्लूजन व्हल्नरेबिलिटी' म्हणतात. नाव जड आहे, पण चूक एका ओळीची आहे. त्या एका ओळीने २००५ ते २००८ च्या सुमारास जगभरातल्या असंख्य वेबसाइट परक्यांच्या हातात दिल्या. त्यातली एक आम्ही केलेली होती. तिथूनच सुरुवात करू.

२००७ सालची गोष्ट. आम्ही तिघे मित्र पुण्यात नोकरी सांभाळून संध्याकाळी लहान संस्थांना वेबसाइट करून द्यायचो. एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं काम आमच्याकडे आलं. पैसे जवळजवळ नव्हतेच. पण तिथले एक निवृत्त गुरुजी रोज दुपारी दोन तास बसून जुन्या पुस्तकांची यादी टाइप करत होते. नाव, लेखक, प्रकाशक, साल, दाखल अंक. ही यादी वेबसाइटवर दिसायला लागली तेव्हा गावाबाहेर गेलेली मुलं ती बघून फोन करायची, म्हणून गुरुजींचा उत्साह आणखी वाढला.

जुलै महिन्यात एका सकाळी कार्यवाहांचा फोन आला. वाचनालयाच्या पत्त्यावर वाचनालय दिसतच नव्हतं. तिथे एका परदेशी बँकेचं खोटं लॉगिनचं पान उघडत होतं. दुपारपर्यंत होस्टिंगवाल्यांनी खातं बंद करून सगळं पुसून टाकलं. आमच्याकडची शेवटची बॅकअप प्रत दोन महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे गुरुजींचं दोन महिन्यांचं काम गेलं. कार्यवाहांनी एकच प्रश्न विचारला : "अहो, आपल्या वाचनालयाने कुणाचं काय वाकडं केलं होतं?"

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. पुढे हळूहळू कळत गेलं. त्या उत्तराची सुरुवात वाचनालयाच्याच काय, वेबच्याही जन्माच्या आधीपासून होते.

शिपाई आणि चिठ्ठी

आधी 'इन्क्लूड' म्हणजे काय ते पाहू. वेबसाइटच्या प्रत्येक पानावर वरची पट्टी तीच असते, डावीकडचा मेनू तोच असतो, खालचा पत्ता तोच असतो. पन्नास पानांत तो पन्नास वेळा लिहायचा, आणि फोन नंबर बदलला की पन्नास ठिकाणी दुरुस्ती करायची? त्यापेक्षा ते एका फाइलमध्ये लिहावं आणि प्रत्येक पानात सांगावं की 'ती फाइल इथे आणून जोड'. हेच इन्क्लूड.

कल्पना जुनी आहे. सी भाषेचे जनक डेनिस रिची यांनी त्या भाषेचा इतिहास स्वतः लिहून ठेवला आहे. १९७२-७३ च्या सुमारास ॲलन स्नायडर यांच्या आग्रहामुळे, आणि बीसीपीएल व पीएल/वन या भाषांमध्ये फाइल जोडण्याची सोय उपयोगी पडते हे दिसत होतं म्हणून, ती सीमध्ये आणली, असं ते सांगतात. तिथे धोका फारसा नव्हता, कारण कोणती फाइल जोडायची हे प्रोग्रॅम लिहिणारा स्वतः लिहायचा. प्रोग्रॅम एकदा तयार झाला की विषय संपला. बाहेरचा माणूस मध्ये येतच नव्हता.

आता आपल्या ओळखीचं एक चित्र डोळ्यांसमोर आणा. तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम. लोकांना आत जायला बंदी. खिडकीपाशी शिपाई बसलाय, किल्ली त्याच्याकडे. तुम्ही चिठ्ठीवर लिहून देता : 'गट नंबर अमुक, सातबारा'. तो आत जातो, कागद आणून देतो. उत्तम. पण समजा शिपाई चिठ्ठीवर जे लिहिलंय ते काहीही न बघता आणून देतो. मग एखादा लिहितो : 'साहेबांच्या टेबलाचा खालचा खण, लाल फाइल'. शिपायाला आत जायचा अधिकार आहे, खण उघडायचाही आहे. तो फाइल आणून देतो. इथे कुलूप फोडलेलं नाही, भिंत ओलांडलेली नाही. ज्याच्याकडे अधिकार होता त्यानेच, ज्याच्याकडे अधिकार नव्हता त्याच्या शब्दावर, तो वापरला.

ही आजच्या विषयाची गुरुकिल्ली आहे. ती संगणकशास्त्रात फार आधी सापडलेली होती. १९८८ मध्ये नॉर्म हार्डी या अमेरिकन अभियंत्याने एक छोटा लेख लिहिला, 'द कन्फ्यूज्ड डेप्युटी'. आपण म्हणू 'गोंधळलेला मुखत्यार'. त्यात अकरा वर्षांपूर्वीची एक खरी हकीकत आहे. टाइमशेअर नावाची कंपनी तेव्हा मोठ्या संगणकाचा वेळ भाड्याने द्यायची. तिथल्या फोरट्रान कंपायलरला एका खास फोल्डरमध्ये लिहायची परवानगी दिली होती, कारण कोण किती वापर करतं याची नोंद त्याला ठेवायची होती. त्याच फोल्डरमध्ये बिलांची फाइलही होती. कंपायलरची आणखी एक सोय होती : वापरकर्त्याने एखाद्या फाइलचं नाव दिलं तर तो चुका शोधायला मदत करणारी माहिती त्या फाइलमध्ये लिहायचा. एका वापरकर्त्याने नाव दिलं ते नेमकं बिलांच्या फाइलचं. कंपायलरने इमानदारीने तिच्यावरच लिहिलं आणि बिलांची माहिती नष्ट झाली.

हार्डींचा मुद्दा असा होता की कंपायलर दोन मालकांची कामं करत होता आणि कोणतं काम कुणाच्या अधिकारात करतोय हे त्याला कळायला मार्गच नव्हता. वेब सर्व्हर हा असाच मुखत्यार आहे. एक मालक वेबसाइटचा, आणि दुसरा तात्पुरता मालक म्हणजे ती बघायला आलेला कुणीही.

दोन टिंबं

वेब आलं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. सर्व्हरचं सुरुवातीचं काम साधं होतं : पत्त्यात ज्या फाइलचं नाव आहे ती उचलून द्यायची. पण बहुतेक सर्व्हर ज्या युनिक्सवर चालत होते तिथली एक रीत होती. दोन टिंबं लिहिली की 'एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये जा'. दोन टिंबं आणि तिरकी रेघ, पुन्हा दोन टिंबं आणि तिरकी रेघ, असं करत माणूस वेबसाइटच्या फोल्डरमधून बाहेर पडून यंत्रावरच्या कुठल्याही फाइलपर्यंत पोहोचू शकतो. त्या काळात पुरावा म्हणून वापरकर्त्यांची यादी असलेली 'पासवर्ड' नावाची फाइल मागायची पद्धत पडली. खरे पासवर्ड तिच्यातून बऱ्याच ठिकाणी आधीच दुसरीकडे हलवलेले होते. पण ती दिसली की दार उघडं आहे हे सिद्ध व्हायचं.

यावरचा उपाय कुणालाही सुचेल : चिठ्ठीत दोन टिंबं दिसली की नकार द्या. इथे एक प्रसंग बघण्यासारखा आहे. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा सर्व्हर टिंबांची तपासणी करत होता. पण पत्त्यातली अक्षरं सांकेतिक आकड्यांच्या रूपातही लिहिता येतात. ऑक्टोबर २००० मध्ये उघड झालं, की तिरकी रेघ एका आडवळणाच्या युनिकोड रूपात लिहिली तर आयआयएस आधी तपासणी करतो, त्याला काही सापडत नाही, आणि नंतर त्या रूपाचा अर्थ लावतो. दुरुस्ती आली. मे २००१ मध्ये पुन्हा उघड झालं, की संकेताचा संकेत केला, म्हणजे दोनदा गुंडाळलं, तरीही तो फसतो. पुन्हा दुरुस्ती आली. १८ सप्टेंबर २००१ ला 'निमडा' नावाचा वर्म सुटला. हे नाव म्हणजे 'ॲडमिन' उलटं. पसरण्यासाठी त्याने जे अनेक मार्ग वापरले त्यांत हे दोन्ही होते. दुरुस्त्या कधीच आलेल्या होत्या. असंख्य ठिकाणी त्या बसवलेल्याच नव्हत्या.

हा प्रसंग लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

घरगुती हत्यार

आता नाटकातलं मुख्य पात्र, पीएचपी. रास्मुस लेरडॉर्फ हे ग्रीनलँडमध्ये जन्मलेले, कॅनडात शिकलेले प्रोग्रॅमर. आपला बायोडेटा वेबवर कोण बघतं ते कळावं म्हणून त्यांनी १९९४ मध्ये काही छोटी हत्यारं लिहिली आणि ८ जून १९९५ ला ती सगळ्यांसाठी खुली केली. नाव होतं 'पर्सनल होम पेज टूल्स'. नावच बघा, घरगुती वापराची गोष्ट. पुढे इस्रायलमधल्या अँडी गुटमन्स आणि झीव्ह सुरास्की या दोन विद्यार्थ्यांनी ते नव्याने लिहिलं. १९९८ मध्ये पीएचपी ३ आलं, २००० मध्ये पीएचपी ४. स्वस्त होस्टिंग, सोपी भाषा. ज्याला दोन संध्याकाळींत वेबसाइट उभी करायची होती त्याच्यासाठी याहून चांगलं काही नव्हतं. आम्हीही त्यातलेच.

पीएचपीने केलेल्या तीन सोयी आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाच्या आहेत. एकेक बघा, प्रत्येक सोय एकटी असताना शहाणपणाचीच वाटते.

पहिली : इन्क्लूडमध्ये फाइलचं नाव चलातून, म्हणजे व्हेरिएबलमधून घेता येतं. सीमध्ये इन्क्लूड व्हायचं ते प्रोग्रॅम बनताना. इथे मात्र ते पाहुणा समोर उभा असताना होतं. म्हणून एकच मुख्य पान लिहायचं आणि पत्त्यात 'पेज बरोबर संपर्क' आलं की संपर्काची फाइल जोडायची, 'पेज बरोबर यादी' आलं की यादीची. हजारो लोकांनी असंच केलं. पुस्तकांतही असंच शिकवलेलं असायचं.

दुसरी : रजिस्टर ग्लोबल्स. पत्त्यात पाहुण्याने जे काही नाव लिहिलं असेल, त्या नावाचं चल प्रोग्रॅममध्ये आपोआप तयार व्हायचं. फॉर्म भरून घेणं एकदम सोपं. पण त्याचाच अर्थ असा, की प्रोग्रॅममध्ये जिथे एखाद्या चलाला आधी किंमत दिलेली नसेल, तिथे पाहुणा स्वतःची किंमत घुसवू शकतो.

तिसरी : फाइलच्या नावाच्या जागी वेबवरचा पत्ता दिला तरी चालतं. दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या बातम्या वाचून आपल्या पानावर दाखवायच्या असतील तर फारच छान. पीएचपी ४ च्या काळात ही सोय मूळ मांडणीतच चालू असायची.

आता तिन्ही एकत्र करा आणि आपल्या शिपायाकडे परत या. चिठ्ठीवर आता नुसतं 'लाल फाइल' लिहायची गरजच नाही. चिठ्ठीवर लिहायचं : 'माझ्या घरी टेबलावर एक हुकूम लिहून ठेवलाय. तो घेऊन ये, आणि त्यात जे लिहिलंय ते साहेबांचा हुकूम समजून कर.' आणि शिपाई निघतो! कारण इन्क्लूड फाइल नुसती दाखवत नाही. त्या फाइलमध्ये पीएचपीचा मजकूर असेल तर सर्व्हर तो चालवतो. हेच रिमोट फाइल इन्क्लूजन. पहिल्या प्रकारात, म्हणजे लोकलमध्ये, त्याच यंत्रावरची फाइल. दुसऱ्यात जगातली कुठलीही.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं. २००१ मध्ये शॉन क्लोज या सुरक्षा संशोधकाने 'अ स्टडी इन स्कार्लेट' नावाचा निबंध आशियातल्या ब्लॅक हॅट परिषदेत मांडला. नाव शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीवरून घेतलेलं. विषय होता पीएचपीमधल्या नेहमीच्या चुका. या सोयी एकमेकींशी कशा जुळतात आणि जुळल्या की काय होतं, ते त्यात सविस्तर आहे. म्हणजे आमचं वाचनालय पडलं त्याच्या सहा वर्षं आधी निदान लिहिलेलं होतं. एप्रिल २००२ मध्ये पीएचपी ४.२ आलं तेव्हा रजिस्टर ग्लोबल्स मूळ मांडणीत बंद करण्यात आलं. पण त्यामुळे जुन्या वेबसाइट चालेनात, म्हणून अनेक होस्टिंगवाल्यांनी ते परत चालू करून ठेवलं. ते पूर्णपणे काढून टाकलं गेलं २०१२ मध्ये, पीएचपी ५.४ मध्ये.

कुणीच निवडलं नव्हतं

तरी एक प्रश्न राहतो. चूक असेल, पण तालुक्यातल्या वाचनालयापर्यंत कोण कशाला येईल?

डिसेंबर २००४ मध्ये 'सँटी' नावाचा वर्म आला. तो फाइल इन्क्लूजनचा नव्हता. पीएचपीबीबी या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरमधली वेगळीच चूक तो वापरत होता. पण त्याने एक गोष्ट करून दाखवली : बळी शोधायला त्याने गूगलला विचारलं. विशिष्ट फाइलचं नाव पत्त्यात असलेली पानं दाखव, बस्. शेवटी गूगलला ते शोध अडवावे लागले. ही युक्ती एकदा सगळ्यांनी पाहिल्यावर फाइल इन्क्लूजनवाल्यांनी ती उचलली. पत्त्यात 'पेज बरोबर' असलेली पानं शोधा, 'बरोबर'च्या पुढे आपल्या हुकमाचा पत्ता चिकटवा, काय होतं ते बघा, पुढच्या पानावर जा. हे सगळं यंत्र करायचं, रात्रंदिवस. हुकमाच्या जागी तयार सामान मिळायचं, 'सी ९९' आणि 'आर ५७' या नावांची. एकदा आत बसवलं की ब्राउझरमधूनच त्या सर्व्हरवरच्या फाइली बघा, बदला, पुसा.

या सी ९९ ची एक मजेदार हकीकत आहे. बसवणाऱ्याला त्यावर पासवर्ड लावता यायचा, म्हणजे दुसरा चोर आपल्या चोरीत वाटेकरी होऊ नये. २०१४ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं की तो पासवर्ड सहज टाळता येतो. का? तर ते हत्यार पाहुण्याने पाठवलेली चलं स्वतःच्या चलांवर बिनदिक्कत पसरून घेत होतं. म्हणजे रजिस्टर ग्लोबल्सचीच चूक. ज्या बेसावधपणावर हे हत्यार जगत होतं तोच त्याच्या पोटातही होता.

२००६ मध्ये हे सगळं शिगेला पोहोचलं. अमेरिकेतली मायटर ही संस्था १९९९ पासून जगभरातल्या सॉफ्टवेअर-त्रुटींची सीव्हीई यादी ठेवते. त्यांच्या २००६ च्या वर्गवारीत पीएचपीमधलं रिमोट फाइल इन्क्लूजन तिसऱ्या क्रमांकावर होतं. वर फक्त क्रॉस साइट स्क्रिप्टिंग आणि एसक्यूएल इंजेक्शन. वर्षानुवर्षं या यादीवर राज्य केलेला बफर ओव्हरफ्लो तिच्या खाली गेला होता. हीच आकडेवारी समोर ठेवून ओवॅस्प या संघटनेने वेबसाठीची '२००७ ची दहा मोठी संकटं' जाहीर केली, त्यात तिसरं नाव होतं 'मॅलिशस फाइल एक्झिक्यूशन'.

म्हणजे कार्यवाहांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की वाचनालयाने कुणाचं काहीच वाकडं केलं नव्हतं. वाचनालय आहे हेसुद्धा समोरच्याला ठाऊक नव्हतं. आमच्या पत्त्यात 'पेज बरोबर' होतं, एवढंच. ती ओळ आम्ही लिहिली होती.

वाचणं आणि पाळणं

आता वळण येतं. नोव्हेंबर २००६ मध्ये पीएचपी ५.२ प्रसिद्ध झालं. त्यात एक नवी कळ होती, 'अलाउ यूआरएल इन्क्लूड', आणि ती मूळ मांडणीतच बंद ठेवलेली होती.

आधी काय होतं, तर एकच कळ होती. बाहेरच्या पत्त्यावरची फाइल वाचणं आणि बाहेरच्या पत्त्यावरची फाइल चालवणं, दोन्ही त्याच कळीवर. होस्टिंगवाल्याने ती बंद केली की बाहेरच्या बातम्या दाखवणाऱ्या, चलनाचे दर आणणाऱ्या सगळ्या साध्या वेबसाइट बंद पडायच्या आणि ग्राहकांचे फोन सुरू व्हायचे. म्हणून तो ती चालूच ठेवायचा. नव्या मांडणीत वाचण्याची कळ वेगळी झाली आणि पाळण्याची वेगळी. शेजाऱ्याचं पत्र वाचायला हरकत नाही, पण त्यातला हुकूम पाळायचा नाही. इतका साधा फरक भाषेत उतरायला दहा-अकरा वर्षं लागली.

आणि हे शांतपणे झालं असं समजू नका. जर्मन संशोधक स्टेफान एसर कितीतरी आधीपासून सांगत होते की भाषेनेच हे थांबवलं पाहिजे. त्यांनी स्वतः पीएचपीला घालायचं चिलखत तयार केलं, आधी 'हार्डन्ड पीएचपी', मग 'सुहोसिन'. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी पीएचपीच्या सुरक्षा गटाचा राजीनामा दिला, आणि मार्च २००७ हा पूर्ण महिना पीएचपीमधल्या चुका एकेक करून जाहीर करण्यात घालवला. वाद मुळात एका प्रश्नाचा होता : प्रोग्रॅमर चुकतो तर दोष प्रोग्रॅमरचा, की चुकणं इतकं सोपं करून ठेवणाऱ्या हत्याराचा?

इतिहासाने काय दाखवलं ते पाहा. २०१० मध्ये ओवॅस्पने दहा संकटांची नवी यादी काढली आणि त्यातून हे तिसरं संकट चक्क वगळलं. कारण त्यांनी दिलेलं आहे : २००७ मध्ये त्याचं प्रमाण मोठं दिसत होतं ते पीएचपीच्या असंख्य वेबसाइटमुळे, आणि आता पीएचपी अधिक सुरक्षित मांडणीतच येतं. तीन वर्षांत जगातले लाखो हौशी प्रोग्रॅमर एकाएकी शहाणे झाले असतील, असं आम्हाला वाटत नाही. आम्ही झालो नव्हतो. आमच्यासारख्यांच्या वाईट ओळी तशाच होत्या. फक्त शिपायाला आता वरून आदेश होता, की कचेरीबाहेरचे हुकूम चालणार नाहीत.

पण मूळ मांडणी बदलली तरी ती लोकांपर्यंत पोहोचावी लागते. जुलै २००७ मध्ये, आमचं वाचनालय पडलं तेव्हा, पीएचपी ५.२ येऊन आठ महिने झाले होते. आमच्या होस्टिंगवर मात्र पीएचपी ४ च होतं. ते काही अपवाद नव्हते. होस्टिंगवाले म्हणायचे, ग्राहकांच्या वेबसाइट चौथ्या आवृत्तीवर आहेत, बदलणार कसं? वेबसाइटचं सॉफ्टवेअर लिहिणारे म्हणायचे, होस्टिंग चौथ्यावर आहे, आम्ही पाचवी मागणार कशी? ही कोंडी फोडायला त्याच महिन्यात 'गो पीएचपी ५' नावाची मोहीम निघाली. द्रुपलसारख्या अनेक प्रकल्पांनी मिळून जाहीर केलं, की ५ फेब्रुवारी २००८ नंतरच्या आमच्या नव्या आवृत्त्यांना ५.२ लागेल. ऑगस्ट २००८ मध्ये पीएचपी ४ चा आधार कायमचा थांबला. संगणकाच्या इतिहासात आपण शोधांच्या तारखा पाठ करतो. तो शोध गावातल्या स्वस्त सर्व्हरवर कधी पोहोचला, ही तारीख सहसा कुणी लिहून ठेवत नाही. गुरुजींचे दोन महिने या दोन तारखांच्या मधल्या जागेत गेले.

एका कळीने न सुटलेलं

मग विषय संपला का? नाही. बाहेरचा हुकूम बंद झाला, पण आतली लाल फाइल मागायची सोय राहिलीच. लोकल फाइल इन्क्लूजनला एकच कळ नाही, कारण आपलीच फाइल आपल्याच पानात जोडणं हे तर रोजचं काम आहे. शिवाय 'आतली' म्हणजे निर्धोक, असंही नाही. सर्व्हर प्रत्येक पाहुण्याची नोंद वहीत करतो, म्हणजे लॉगमध्ये. पाहुणा काय म्हणाला तेही लिहितो. समजा पाहुण्याने तिथे हुकमासारखा मजकूर लिहवून घेतला, आणि नंतर तीच वही जोडायला सांगितली, तर? आतल्या वहीतून बाहेरच्याचाच आवाज येतो.

लोकांनी केलेले उपायही तोकडे पडायचे. आम्ही आणि आमच्यासारख्यांनी एक शहाणपण केलं होतं. पाहुण्याने दिलेल्या नावाला शेवटी आपणच 'डॉट पीएचपी' जोडायचं, म्हणजे दुसऱ्या प्रकारची फाइल मागताच येणार नाही. पण ज्या सी भाषेवर हा डोलारा उभा आहे, तिच्यात शून्य हे अक्षर आलं की मजकूर संपला, असा नियम. नावाच्या शेवटी ते शून्य घुसवलं की आपण जोडलेलं शेपूट गळून पडायचं. पर्लमधली ही खोड 'रेन फॉरेस्ट पपी' या टोपणनावाच्या संशोधकाने 'फ्रॅक' या नियतकालिकात १९९९ मध्ये नीट मांडली होती. पीएचपीत फाइलच्या नावांपुरती ती बुजवली गेली डिसेंबर २०१० मध्ये, ५.३.४ या आवृत्तीत.

२०११ चा टिमथम्बचा किस्साही असाच. वर्डप्रेसच्या कित्येक थीममध्ये चित्रं लहान करण्याची ही छोटी फाइल असायची. ती बाहेरची चित्रं आणायची, पण फक्त फ्लिकर, ब्लॉगर अशा ठरावीक ठिकाणांहून. म्हणजे यादी होती, तपासणीही होती. फक्त तपासणी अशी होती, की पत्त्यात 'ब्लॉगर डॉट कॉम' ही अक्षरं कुठेतरी आहेत का? मग कुणीही स्वतःच्या पत्त्याच्या सुरुवातीला ती अक्षरं लावायची, झालं काम. आणलेली फाइल वेबवरून उघडता येईल अशाच फोल्डरमध्ये ठेवली जायची. मार्क मॉन्डर या उद्योजकाच्या ब्लॉगवर त्याने न लावलेल्या जाहिराती दिसायला लागल्या, म्हणून त्याने मागोवा घेतला आणि ऑगस्ट २०११ मध्ये हे उघड केलं. पुढे त्यातूनच त्याने वर्डफेन्स हे संरक्षक सॉफ्टवेअर उभं केलं.

आणि आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला प्रसंग. सप्टेंबर २०२१ मध्ये अपाची या जगातल्या अत्यंत प्रतिष्ठित वेब सर्व्हरची २.४.४९ ही आवृत्ती आली. पत्ता नीटनेटका करण्याचा भाग त्यात नव्याने लिहिला होता. लवकरच कळलं, की दोनपैकी एक टिंब सांकेतिक आकड्याने लिहिलं तर ते तपासणीतून सुटतं. ४ ऑक्टोबरला दुरुस्ती आली. लगेच कळलं, की दोनदा गुंडाळलं तर अजूनही सुटतं. ७ ऑक्टोबरला दुसरी दुरुस्ती. आयआयएसचं २००० आणि २००१ आठवा. तीच चूक, त्याच क्रमाने, दोन दशकांनंतर, वेगळ्या लोकांच्या हातून. एक फरक मात्र नोंदवायला हवा. तेव्हा दोन दुरुस्त्यांमध्ये सात महिने गेले होते, यावेळी तीन दिवस. आणि ज्यांच्या सर्व्हरवर वेबसाइटबाहेरच्या फोल्डरना मुळातच मनाई लिहिलेली होती, ते यातून वाचले.

कार्यवाहांना उत्तर

तर या सगळ्यातून आम्ही काय शिकलो? चिठ्ठीवरच्या अक्षरांमध्ये वाईट काय आहे ते शोधत बसण्याचा मार्ग वीस वर्षं पुन्हा पुन्हा फसला. टिंबं शोधली तर ती वेश बदलून येतात, शेपूट जोडलं तर गळतं, नाव तपासलं तर ते दुसऱ्या नावात लपतं. जो मार्ग टिकला तो वेगळा आहे. पाहुण्याने दिलेलं नाव फाइलचं नाव म्हणून वापरायचंच नाही. आपल्याकडे एक तक्ता असावा : 'संपर्क' म्हटलं की ही फाइल, 'यादी' म्हटलं की ती. तक्त्यात नसेल तर नम्रपणे नाही म्हणायचं. हॉटेलात गिऱ्हाईक मेनूकार्डावरचा पदार्थ सांगतं, मुदपाकखान्यातल्या कपाटाचा नंबर सांगत नाही. आणि दुसरं म्हणजे शिपायाकडे सगळ्या खणांच्या किल्ल्या असूच नयेत. ज्या कामाला बसवलाय तेवढ्याच.

आम्ही वाचनालयाची वेबसाइट त्याच पावसाळ्यात परत उभी केली. यावेळी असाच तक्ता केला, आणि रोज रात्री बॅकअप. गुरुजींनी गेलेली यादी पुन्हा टाइप केली. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "पोरांनो, दाखल रजिस्टर कागदावर होतं म्हणून बरं."

आज कार्यवाहांनी विचारलं तर आम्ही असं सांगू : काका, वाचनालयाचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही ओळ वाईट लिहिली, ती चूक आमची, आणि ती आम्ही कुणावर ढकलत नाही. पण तशीच ओळ त्या वर्षी जगभर कितीतरी जणांनी लिहिली. इतके सगळे जण एकाच ठिकाणी घसरतात तेव्हा पाय टाकणाऱ्यांना बोल लावायचाच, पण पायरी कुणी कशी बांधली तेही बघायचं. पायरी दुरुस्त करता येते हे २००६ च्या त्या एका कळीने दाखवलं. तुमच्यापैकी जे उद्या इतरांसाठी हत्यारं बनवणार आहेत, त्यांनी मूळ मांडणी ठरवताना त्या गुरुजींची आठवण ठेवावी, कारण ते ती कधीच उघडून बदलणार नाहीत.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.